उरलेल्या चौतीस फेऱ्या

सुई टोचताना वहिनी हाताकडे कधीच बघत नाहीत. खिडकीकडे बघतात. आजही मान तिकडेच वळली आणि लगेच परत आली, कारण आज खिडकीबाहेर कोणी नव्हतं.

"सवय," त्या म्हणाल्या.

सिस्टरने दोन्ही नळ्या चिकटपट्टीने पक्क्या केल्या आणि डायलिसिसचं मशीन सुरू केलं. सकाळचे सात वाजले होते. अकरापर्यंत डावा हात हलवायचा नाही. मी स्टूल ओढून बसले आणि नवऱ्याला फोन लावला.

"ताप किती आहे?"

"अर्ध्या तासापूर्वी होता तेवढाच. झोपलीय ती. तूही जरा श्वास घे."

चौदा महिन्यांची माझी लेक तापाने घरी, मोठी जाऊ इथे मशीनवर, आणि भाऊजी पहाटे पाचपासून मॅरेथॉनमध्ये धावतायत. माझा जीव तीन ठिकाणी टांगलेला. लहानपणापासून मी अशीच. दार वाजलं की माझ्या मनात आधी वाईट बातमी येते, मग दूधवाला येतो.

खरं तर वहिनींची मशीनवरची पाळी कालची, शनिवारची. पण काल चारातली दोन मशीनं बंद पडली आणि निम्म्या लोकांना परत पाठवलं. नवी मशीनं घ्यायला पैसे जमवावेत म्हणूनच ही मॅरेथॉन होती. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. ज्या अकरा इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत, तिथे लिफ्टच्या आत त्यांचा फोटो आणि मदतीचं आवाहन लावलं होतं. मध्येच लिफ्ट अडकली, तर आतल्या माणसाला सुटका होईपर्यंत भाऊजींचं तोंड बघत उभं राहावं लागे. त्यानेच जास्त मदत जमली, असं वहिनींचं म्हणणं.

धावणाऱ्याच्या पाठीवर एक कागद लावायचा होता: 'मी धावतोय', पुढे रिकामी जागा, मग 'साठी'. भाऊजींनी त्यात लिहिलं, 'हिच्या'. नाव नोंदवणारी मुलगी म्हणाली, "काका, हिच्या म्हणजे कोणाच्या?"

"जिला कळायचं तिला कळतं," भाऊजी म्हणाले.

त्यांचं धावणं सुरू झालं ते इथेच. आठवड्यातून तीनदा वहिनींना सोडायचं आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं. दोन-तीन महिने बसले. मग पाय आखडतात म्हणून इमारतीभोवती चालायला लागले. मग कधीतरी कामाच्याच पँटमध्ये, खिशात पाने-स्क्रूड्रायव्हर खुळखुळत, धावायला. वॉचमनला आधी वाटलं, कोणी दगावलं की काय. मग त्यानेच पावलं मोजून सांगितलं, तीन फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो. दर फेरीला भाऊजी वहिनींच्या खिडकीवरून जात. वहिनींचा उजवा हात मोकळा असतो. त्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत. करंगळीपासून सुरुवात, चार बोटांची बारा पेरं झाली की पुन्हा करंगळी. घरी जाताना स्कूटरवर दोघांची जुंपायची.

"आज अडतीस."

"एकोणचाळीस. तुझा एक डुलका लागला."

"मी डुलका घेतला तर तुम्ही काय, चोरून फेरी मारली?"

दीड वर्षं हे चाललंय. वहिनींचं वजन उतरत गेलं, भाऊजींच्याही पँटा सैल झाल्या.

काल मशीन बंद पडल्यावर भाऊजी म्हणाले होते, "मी जात नाही उद्या. हिच्याजवळ बसतो."

"मुळीच नाही," वहिनी म्हणाल्या. "वीस वर्षांत एका सिनेमाचा शेवट बघितला नाही मी या माणसाबरोबर. मध्यंतर झालं की फोन, कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं. खुनी कोण ते मला शेजारीण सांगते. ताटावरून उठायचं, झोपेतून उठायचं. एक तरी गोष्ट शेवटापर्यंत करा."

भाऊजींनी निघताना मला बाजूला घेतलं. "फोन खिशात आहे. काही झालं तर कर."

आणि इथे आल्या आल्या वहिनींनी मला बजावलं, "काहीही झालं तरी त्यांना फोन करायचा नाही. सिस्टर आहेत, डॉक्टर आहेत. कळलं?"

मी दोघांनाही हो म्हटलं होतं.

साडेआठच्या सुमाराला वहिनी जांभया द्यायला लागल्या. एक, दोन, चार. मी त्यांच्या वरच्या ओठाकडे बघत होते, तिथे घाम जमला होता. "वहिनी?" म्हटलं तर "अं" एवढंच. मग डोळे अर्धवट मिटले आणि मान कलंडली.

"सिस्टर!"

सिस्टर आली. बीपी बघितलं, पलंगाची पायाकडची बाजू वर केली, सलाइन सोडलं. "काकू, डोळे उघडा. काकू!" दुसरी सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि फोन माझ्या कानाला होता. कधी लावला ते मला आठवत नाही.

"भाऊजी, वहिनींचं बीपी... त्या बोलत नाहीयेत."

पलीकडून नुसता श्वास आला. मग फोन बंद.

पाच मिनिटांत वहिनींनी डोळे उघडले. "पाणी," म्हणाल्या. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "होतं असं अधूनमधून. अंगातलं पाणी जास्त ओढलं गेलं. तुम्ही पहिल्यांदा आलात ना?"

मी परत फोन लावला. तीनदा. नुसती घंटी वाजत राहिली.

भाऊजी आले तेव्हा दारातच त्यांनी चौकट धरली. छातीवर नंबर, पाठीवर 'हिच्या', घामाचं मीठ गालावर वाळलेलं. बुटांतून पाय ओढत ते पलंगापर्यंत आले. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"तू बोलावलंस?"

मी मान खाली घातली.

"तिला नको बोलू," भाऊजी म्हणाले. "मीच सांगितलं होतं तिला." आणि स्टूलवर बसायला वाकले.

"बसू नका," वहिनी म्हणाल्या. आवाजात दम नव्हता, पण भाऊजी अर्धवट वाकलेले तसेच थांबले. "किती झाले?"

"एकतीस."

"बेचाळीस असतात ना?"

"आणि वर थोडं. राहू दे गं आता. जिथे रस्ता सोडला ते वळण कुठल्या कुठे राहिलं. तिथे परत जाईपर्यंत लोक मांडव गुंडाळतील."

"कोणी लिफ्टमध्ये अडकलंय का आता?"

"नाही."

"मग?"

वहिनींनी मान खिडकीकडे वळवली. भाऊजींनीही बघितलं. बाहेर वॉचमन खुर्ची सावलीत सरकवत होता.

"अकरा किलोमीटर," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तेहेतीस फेऱ्या."

"चौतीस. वरचं थोडं धरून." मग ते जरासे हसले. "रिक्षा मिळेपर्यंत दोन गल्ल्या पळालो, त्या धरू नकोस. त्या घाबरून पळालो."

"तिकडे काही मिळायचं नाही त्याचं," मी उगीचच म्हटलं. "पदक वगैरे."

दोघांनीही ऐकलं नाही. भाऊजी ग्लासभर पाणी प्यायले, बुटाची नाडी बांधायला वाकले तेव्हा पलंगाची दांडी धरावी लागली. मग गेले.

पहिली फेरी यायला खूप वेळ लागला. मग खिडकीत त्यांचं डोकं दिसलं, एका बाजूला झुकलेलं, आणि गेलं. वहिनींचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकला. ते धावत होते असं मी म्हणणार नाही. चालण्याहून जरा जास्त, एवढंच. एका फेरीला वॉचमन त्यांच्या बरोबरीने थोडा चालला, हातात पाण्याची बाटली. पेशंट सोडायला आलेले लोक बाजूला होऊन वाट देत होते.

त्या सगळ्या वेळात मी एकदाही घरी फोन केला नाही. नंतर लक्षात आलं.

"माझा राग आला?" मी विचारलं.

"आला होता," वहिनी म्हणाल्या. डोळे खिडकीवर. "पंधरा."

मशीन आपल्या लयीत घरघरत होतं. भाऊजी आले, गेले. आले, गेले. एकदा ते गेल्यावर मी वहिनींकडे बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले. मी दचकून त्यांच्या छातीकडे बघितलं. सावकाश वर-खाली होत होती. सिस्टरने बीपीचा आकडा बघून मान हलवली, "झोपू द्या."

अंगठा मधल्या बोटाच्या खालच्या पेरावर थांबला होता. बारा आणि सात, एकोणीस.

खिडकीत भाऊजी आले. काचेवर ऊन होतं, त्यांना आतलं काही दिसत नसणार, तरी त्यांनी मान वळवून बघितलं.

मी माझा अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर ठेवला.

वीस.