डावीकडचं कार्ड

रुग्णांना औषध कसं हवंय, हे विचारायचा मला पगार मिळतो. कंपनीने हातांच्या थरथरीवर दोन गोळ्या तयार केल्या होत्या आणि त्यातली एकच बाजारात येणार होती. कुठली, ते माझ्या साठ रुग्णांवर ठरणार होतं.

विचारायची पद्धत मीच बसवली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. लांब टेबलाच्या दोन टोकांना दोन कार्डं; अशा जोड्या एकामागून एक, प्रत्येकीत थरथर आणि झोपेचं प्रमाण थोडं वेगळं. डावीकडे जोरदार गोळी: थरथर जवळजवळ बंद, पण माणूस दिवसभर पेंगणार. उजवीकडे सौम्य: थरथर थोडीच कमी, पण माणूस जागा. घोळ नको म्हणून बाजू बदलायच्या नाहीत. रुग्णाने बोलायचं नाही, सोबतच्याने नाक खुपसायचं नाही. बसल्या जागेवरून हवं ते कार्ड स्वतः उचलायचं. एकोणसाठ जणांपैकी बहुतेकांनी डावं उचललं. साहेब खूश, अहवाल जवळपास तयार.

साठावे आले ते निवृत्त टेलर मास्तर, सोबत बायको. त्यांनीही दर वेळी डावंच उचललं. शेवटची जोडी म्हणजे साहेबांनी त्याच दिवशी नव्याने घालायला लावलेली परीक्षा: डाव्या कार्डावर मुद्दाम थरथरही जास्त आणि झोपही जास्त लिहिलेली. ते उचलणाऱ्याचं लक्ष नाही असं धरून त्याला बाद करायचं. मास्तरांनी शांतपणे तेच उचललं.

"मास्तर, वाचलंत ना? हे दोन्हीकडून वाईट आहे."

"वाचलं की."

"मग घेतलंत कशाला?"

बायकोने इतका वेळ कसंबसं तोंड आवरलं होतं. "अहो बाई, त्यांचा उजवा हात बघा तरी! त्या हाताने कप धरवत नाही, तुमचं ते पातळ कार्ड कसलं उचलतायत? डावा धड आहे, तो पोचतो तिथलं घेतात बिचारे."

"मग खरं काय हवंय तुम्हाला?"

"जागं राहायचंय," मास्तर म्हणाले. "हात हलतो तर हलू दे. मी झोपून राहिलो तर ही भांडणार कुणाशी?"

मी जुने फॉर्म काढले. कुठला हात जास्त थरथरतो, ते पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. डावं कार्ड उचलणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचा उजवा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

साहेबांना फोन लावला. साठावे परीक्षेत चुकले, एवढं ऐकताच ते म्हणाले, "मग करा एक बाद आणि पाठवा अहवाल."

"तो एक ठेवायचाय, साहेब," मी म्हणाले. "बाद बाकीचे एकोणसाठ करायचेत."