चेहरा कुणाच्या मालकीचा?

मी सर्वोच्च न्यायालयातला पोडियम बोलतोय. वकील माझ्यावर कागद ठेवतात, माझ्या कडा धरतात आणि न्यायमूर्तींपुढे तासन्‌तास बोलतात. मला कधी कुणी बोल म्हटलं नाही, त्यामुळे आज मीच सुरुवात केली.

मला एका सुताराने शाळेच्या सभागृहासाठी बनवलं होतं. शाळेला मी बोजड वाटलो, म्हणून इथे आलो. यात नुकसान शाळेचं झालं की न्यायालयाचं, ते मी ठरवत नाही. ठरवण्याचं काम समोर उंचावर बसलेल्यांचं.

इथे माणसं जवळून बघायला मिळाली. ‘थोडक्यात सांगतो’ म्हणणारा वकील जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागचा हलत नाही. आवाज चढला की समजावं, मुद्दा संपत आलाय. ज्यांचे शब्द खणखणीत, त्यांचेही गुडघे माझ्या आडोशाला लटपटत असतात, आणि ते फक्त मला दिसतं. पण मी कुणाची बाजू घेत नाही. सकाळी एकाचे कागद सांभाळतो, दुपारी त्याच्या विरोधकाचे.

मागे एका बस ड्रायव्हरचा खटला पाच न्यायमूर्तींपुढे आला. शहरात चौकाचौकात कॅमेरे बसवले होते. येणाऱ्याजाणाऱ्याचा चेहरा त्यांत साठायचा आणि पोलिसांना हव्या असलेल्या लोकांशी ताडून बघितला जायचा. मशीनने या ड्रायव्हरला कुठल्याशा फरारी भामट्याचा जुळा ठरवलं. पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडलं, पण नाव यादीत राहिलं आणि गाडी चालवायचा परवाना जप्तच राहिला. खालची न्यायालयं पालथी घालून तो इथवर पोहोचला. तोवर प्रश्न त्याच्या एकट्याचा उरला नव्हता. न विचारता माणसाचा चेहरा साठवून ठेवायचा अधिकार सरकारला घटनेने दिलाय का, हे ठरायचं होतं.

सरकारी वकील उंचेपुरे, बोलणं लोण्यासारखं. चेहरा काही कुणी तिजोरीत ठेवत नाही, असं ते म्हणाले. घराबाहेर पडणारा तो जगाला दाखवतच हिंडतो, मग सरकारने बघितला तर बिघडलं कुठे? ड्रायव्हरची वकीलबाई बुटकी. तिने माझी वरची फळी खाली सरकवून घेतली आणि म्हणाली, की लोक बघतात आणि विसरतात, मशीन विसरत नाही. त्यावर एका न्यायमूर्तींनी अडवलं. इमारतीचा वॉचमनही चेहरे लक्षात ठेवतो, मग त्यालाही बंदी घालायची का? वॉचमनला निदान विचारता तरी येतं, की बाबा, तू मला चोर कशावरून म्हणालास, असं तिने उत्तर दिलं. न्यायमूर्तींनी ते लिहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी वकिलांनी नवाच डाव टाकला. याचिकाकर्त्याचं नाव आजच यादीतून काढतो, परवानाही परत देतो, असं त्यांनी जाहीर केलं. सरन्यायाधीशांनी चष्मा काढला. तक्रारच मिटली, तर मोठ्या प्रश्नात शिरायचं कशाला, असं त्यांनी बाईला विचारलं. तिने अशिलाशी बोलायला वेळ मागितला. न्यायमूर्ती उठून आत गेले.

ड्रायव्हर मागच्या बाकावरून माझ्यापाशी आला. बाईने काही लपवलं नाही.

“काका, हे घेतलंत तर परवा तुम्ही गाडीवर असाल. नाही घेतलं आणि आपण हरलो, तर परवाना कायमचा गेला. मोठ्या प्रश्नासाठी मी तुमचं घर पणाला लावायला सांगणार नाही.”

त्याने माझी कड दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं तशी धरली. त्याला गाडी हवी होती, ते त्या हातांवरूनच कळत होतं. मला त्याचं वाईट वाटलं.

“ते माझं नाव काढतील,” तो म्हणाला. “पण मशीन चुकलं ते माझ्या तोंडामुळे. माझा थोरला माझ्याच तोंडावर गेलाय, ताई. आत्ता कुठे मिसरूड फुटलंय. कॉलेजला रोज त्याच चौकातून जातो.”

“घरी काय सांगाल?”

“ते माझं मी बघतो. तुम्ही प्रश्न सोडू नका.”

न्यायमूर्ती परतले. बाईने घसा साफ केला आणि आम्ही हा प्रश्न सोडत नाही, एवढंच सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू पुन्हा घासूनपुसून मांडल्या गेल्या आणि निकाल राखून ठेवला.

त्यानंतर बरेच महिने गेले, निकाल अजून आलेला नाही. बाई दुसऱ्या खटल्यांसाठी येते, तेव्हा सहकाऱ्यांशी बोलताना कानावर पडतं. ड्रायव्हर सध्या एका गोदामात ट्रकमधला माल उतरवून घेतो. परवाना अजून जप्तच, त्यामुळे चालवायला त्याला कुणी देत नाही. गाडी चालवायच्या नोकरीला वयाची अट असते आणि तो त्या वयाच्या जवळ आलाय.

माझ्या जागी कॉम्प्युटरचा पडदा असलेला नवा पोडियम येणार आहे. मला कुठे ठेवतील, माहीत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. समोर उंचावर बसणाऱ्या पाच जणांकडे माझं एकच मागणं आहे. निकाल कुणाच्याही बाजूने द्या, तो तुमचा अधिकार. पण तो माणूस अजून गाडी चालवण्याच्या वयात आहे, तोवर द्या.