भाईंची शेवटची गाडी

माझ्या थोरल्या लेकीचं, मोनाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. महापुराच्या आदल्या वर्षाची, म्हणजे २०१८ सालची. तेव्हा मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साच्यांच्या वाळूचं काम करायची. आमच्याकडं ट्रक-बसचे ब्रेकड्रम ओतायचे.

मॅनेजर इमामभाई कोडोलीचे. भट्टीवर राबत राबत वर चढलेले. नव्या माणसांना शिकवायची त्यांची तऱ्हाच निराळी होती. मालक पुण्याहून एक साहेब बोलवायचे. तो राजारामपुरीतल्या हॉटेलात, एसीत बसवून पडद्यावर चित्रं दाखवायचा आणि माणसं निवांत डुलक्या काढायची. दुसऱ्या दिवशी भाई विचारायचे, "झाली का झोप बेस? चला आता पन्हाळ्याला." एसटीनं वर न्यायचे आणि उतरताना सगळ्यांना ड्रायव्हरच्या मागं उभं करायचे. वाघबिळाच्या उतारावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की म्हणायचे, "ह्यो तुमचा ड्रम. आता मागं वळून बसलेल्या बायापोरांकडं बघा." एवढंच शिकवणं. एकदा सम्राट नावाचा गडी तिथंच ओकला, तर त्याचं नावच वाघबीळ पडलं.

मार्चअखेरीला भाई निवृत्त होणार होते. माल तपासायला संघप्रिया होती. कळंब्याची, डिप्लोमा झालेली, नवीनच लागलेली. तिला कायम करायचं की नाही हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्यावर.

शेवटच्या दिवशी मोठ्या ऑर्डरीची गाडी भाईंच्या हातून रवाना करायची ठरली. गाडीला हार, भाईंना फेटा, पेढे, फोटो. आणि आदल्या दिवशी नेमकी कितीतरी ड्रमना भोकं निघाली. ओतताना हवा अडकली की लोखंडात अशी भोकं राहतात. तसला माल मोडून परत भट्टीत टाकायचा असतो. पण ओतलेला माल घासून साफ करणाऱ्यांचा मुकादम भाऊसो, ह्याला भाईंनीच हाताला धरून शिकवलेलं. शेवटची गाडी अर्धी रिकामी गेली तर भाईंचा चेहरा पडेल, म्हणून ह्या बाबानं भोकांत लांबी भरली, रंगाऱ्याची असते ती, आणि वरनं काळा रंग मारला.

सकाळी संघप्रियानं ड्रमवर खिळा ओढला, तर रंगाखालनं पांढरा भुगा पडला. ती तशीच माझ्याकडं आली.

"मावशी, ह्यात लांबी हाय."

मी तिला घेऊन भाऊसोकडं गेले. तो गाडीला हार बांधत होता.

"ए पोरी, आज भाईंचा निरोप हाय. आजच्या दिवस डोळं मीट की."

"आणि ब्रेक लागला न्हाय तर?"

"पुढच्या गाडीला बघू. तुला कायम व्हायचंय न्हवं? मग सगळ्यांचा राग कशाला ओढवून घेतीस?"

भाऊसो वाईट बोलला नाही, काकुळतीनं बोलला. म्हणून तर पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "तू बोल. मी शेजारी उभी ऱ्हाते."

भाईंना फेटा बांधून झाला होता. मालकांनी नारळ त्यांच्या हातात दिला. ते गाडीपुढं वाकले, तोवर संघप्रिया म्हणाली, "भाई, नारळ फोडू नका. माल खराब हाय."

भाईंनी ड्रम खाली उतरवायला लावला, खिळा घेतला, स्वतः ओढून बघितला. मग भाऊसोकडं न बघता तिला विचारलं, "सांगायला भ्या वाटलं?"

"व्हय."

"कुणाचं?"

"कुणाचं न्हाय. तुम्हाला वाईट वाटंल ह्याचं."

भाई फेट्यासकट पायरीवर बसले. "बघा मालक. माझं शिकवणं कुठं कमी पडलं बघा. मी ह्यांना उतारावरचं सगळं दाखवलं. माल बिघडला तर माझ्याम्होरं येऊन सांगायचं, एवढं मातूर सांगायचं राह्यलं."

भाऊसो रडायलाच लागला. "तुमच्यासाठी केलं ओ भाई."

"तेच म्हणतोय की, शाण्या! माझ्यासाठी करून कसं चालंल? चल, उठ. हार काढ त्या गाडीचा."

मग भाईंनी तिथंच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन लावला. माल कमी येतोय आणि चूक आमच्याकडनं झाली, असं सरळ सांगितलं. पलीकडचा माणूस बरंच बोलला. भाई नुसतं "व्हय साहेब" म्हणत ऐकत राहिले. आम्ही सगळे बघत होतो. फोन ठेवल्यावर भाऊसोला शेजारी घेऊन बसले आणि दोघांनी मिळून दुपार टळेपर्यंत एकेक ड्रम तपासला. भाईंचा फेटा काळा झाला.

भाऊसोला काढून टाकायचं मालकांच्या मनात होतं. भाई म्हणाले, "काढू नका. नव्यांना आता ह्योच शिकवंल. आज काय केलं ते पहिल्याच दिवशी सांगंल, म्हणजे कुणी झाकणार न्हाय." आणि जाता जाता म्हणाले, "ह्या पोरीचं मी सांगायला पाह्यजे का?"

संघप्रिया एप्रिलपासून कायम झाली. पुढं तपासणीची सगळी माणसं तिच्या हाताखाली आली. भाऊसो नव्यांपुढं लांबीची गोष्ट सांगायला उभा राहायचा, पहिल्यांदा अडखळायचा, मग स्वतःच हसायचा.

इमामभाई २०२३ च्या ऑक्टोबरात कोडोलीत त्यांच्या घरी वारले.