सुटे दिवे मिळत नाहीत

गाडी चौकातल्या गोल बागेत शिरली तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते आणि चष्मेवाल्यांच्या मते चूक दिव्यांची होती. बाग लहानशी, एका बंद कारंज्याची आणि चार झुडपांची. त्यानंतर झुडपं तीन राहिली. चष्मेवाले खाली उतरले, डॉक्टर रोग्याची जीभ बघतात तसे पुढचे दिवे वाकून बघितले आणि म्हणाले, "पिवळे पडलेत."

बाजूच्या सीटवरची त्यांची बायको काही बोलली नाही. त्या शाळेत भूगोल शिकवत आणि नवरा सोडून सगळं गाव त्यांना बाई म्हणे. नद्या डोंगराकडे वाहवणाऱ्या मुलांना सव्वीस वर्षं शांतपणे ऐकून घेतल्यामुळे त्यांच्याकडे न बोलण्याचा भरपूर साठा होता. त्यांनी बंपरमध्ये अडकलेली फांदी काढली आणि परत येऊन बसल्या.

गाडी सोळा वर्षांची होती, ती बदलायचं ठरलं. घाईचं कारणही होतं. लेक दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात एकटी होती, जावई सहा महिने जहाजावर होता आणि लेकीला आठवा महिना लागला होता. तिने सांगून ठेवलं होतं, "बाबा, फोन केला की लगेच निघा. दिवस की रात्र बघत बसू नका."

"रात्रच बघायची असेल तर दिवे नकोत का?" चष्मेवाले म्हणाले. तेव्हापासून नवी गाडी म्हणजे दिवे, बाकीची गाडी दिव्यांमागे येणार होती.

बाईंकडेही लायसन्स होतं. ते कपाटात, लग्नाच्या फोटोंखाली होतं. सुरुवातीला त्या चालवायच्या, पण त्या चालवत असल्या की चष्मेवाले शेजारी बसून उजवा पाय जमिनीवर दाबत आणि दातांतून हवा आत ओढत. त्या आवाजाला कंटाळून बाईंनी एक दिवस किल्ली त्यांच्या हातात दिली, त्याला एकोणीस वर्षं झाली.

शोरूममधला विक्रेता टाय लावून आणि हात जोडून उभा होता.

"दिवे कसे आहेत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"सर, दिव्यांचं तर विचारूच नका."

"तेच विचारायला आलोय."

"बेस मॉडेलला साधे आहेत. प्रोजेक्टर एलईडी हवे असतील तर प्रीमियम पॅकेज. त्यात सनरूफ, आत चौसष्ट रंगांची रोषणाई, थंड होणाऱ्या सीट, आणि डिक्कीखाली पाय हलवला की डिक्की उघडते."

"कोणाचाही पाय?"

"किल्ली खिशात असेल त्याचा."

"मला छपराला भोक नको, चौसष्ट रंग नकोत. फक्त दिवे द्या."

"दिवे सुटे मिळत नाहीत, सर," विक्रेत्याने इतक्या हळुवारपणे सांगितलं, जणू घरात काही वाईट घडलं होतं.

चष्मेवाल्यांना राग आला नाही. उलट एका कारागिराला दुसऱ्याबद्दल वाटावा तसा आदर वाटला. त्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वतः आपल्या चष्म्यांच्या दुकानात एका पेन्शनरला सांगितलं होतं की चकाकी रोखणारं कोटिंग सुटं येत नाही, ते तिसऱ्या फळीवरच्या फ्रेमबरोबरच येतं, आणि त्या फ्रेमबरोबर डबी, कापड आणि पाण्याची बाटली. पेन्शनरने बाटलीचं काय करू असं विचारलं होतं. बाई तेव्हा दुकानातच होत्या. आत्ता त्यांनी फक्त नवऱ्याकडे बघितलं. चष्मेवाले माहितीपत्रक चाळू लागले.

संध्याकाळी मेहुणा आला. हा बाईंचा धाकटा भाऊ. त्याचा स्वतःचा धंदा नेमका कोणता हे कोणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येक धंद्यातला एक माणूस त्याच्या ओळखीचा होता.

"भावोजी, तुम्हाला दिवसाढवळ्या लुटतायत," तो म्हणाला. "बेस मॉडेल घ्या आणि दिवे बाहेरून टाका. आपला माणूस आहे. निम्म्याहून कमी पैशांत दुप्पट उजेड."

"कंपनीची वॉरंटी जाते."

"वायर कापली तर जाते. तो कापतच नाही, जोडाला जोड बसवतो. माझ्या गाडीला त्यानेच टाकलेत. समोरचा माणूस गाडी बाजूलाच घेतो."

"आदराने?" बाईंनी विचारलं.

"आता तो त्याचा प्रश्न आहे, ताई."

चष्मेवाल्यांनी दोनशे पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'पॅकेज' आणि दुसऱ्या बाजूला 'बाहेरून' लिहिलं. पॅकेजच्या बाजूला वॉरंटी, एकसंध फिटिंग, पुढे गाडी विकताना मिळणारी किंमत. बाहेरूनच्या बाजूला उजेड, बचत आणि मेहुणा. मेहुणा हा फायदा की तोटा हे ठरेना, म्हणून त्याचं नाव रेघेवर लिहिलं. तीन आठवड्यांत वहीची चाळीस पानं भरली. दरम्यान दुकान सातऐवजी पाचला बंद होऊ लागलं. संध्याकाळी गिऱ्हाईक नसतं, असं चष्मेवाले सांगत. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक ऑफिस सुटल्यावर येणारं होतं, ते बंद दार बघून पुढच्या चौकात जाऊ लागलं. लेकीचा नववा महिना सुरू झाला.

"अहो, फोन आला तर?" बाईंनी एकदा विचारलं.

"या रविवारी नक्की करतो."

रविवारी मेहुणा दोघांना दिवेवाल्याकडे घेऊन गेला. शेड पत्र्याची. भर दुपारी शटर ओढलं की आत मिट्ट काळोख व्हायचा, त्यामुळे दिवे दाखवायला संध्याकाळची वाट बघावी लागत नसे. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्यांवरून दिवेवाला दिव्यांचा झोत किती वर, किती खाली ते बसवायचा. त्याने चष्मेवाल्यांना त्यांच्याच जुन्या गाडीत बसवलं.

"लावा दिवे. भिंतीवर पट्ट्या किती दिसतात?"

"तीन."

दिवेवाल्याने भिंतीकडे बघितलं. मग मेहुण्याची गाडी शेजारी आणली, चष्मेवाल्यांना तिच्यात बसवलं आणि ते दुप्पट उजेडाचे दिवे लावले. भिंत पेटल्यासारखी झाली.

"आता?"

चष्मेवाल्यांनी डोळे बारीक केले. "आता दोन."

दिवेवाल्याने हात पुसले. "साहेब, दिवे विकणं माझा धंदा आहे, म्हणून सांगताना जिवावर येतंय. पट्ट्या पाच आहेत. तुमच्या जुन्या दिव्यांतसुद्धा पाचच्या पाच दिसतात. ताई, तुम्हाला दिसतात ना?"

"पाच," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडे दहा येतात त्यातले चार दिव्यांसाठी येतच नाहीत. त्यांना दिसत नाही, म्हणून ते झोत वर करून घेतात. मग समोरच्याला दिसत नाही, म्हणून तोही माझ्याकडे येतो. दुकान त्याच्यावरच चाललंय. पण तुमचं वय बघून सांगतो, आधी डोळे तपासा. बँकेसमोर एक चष्मेवाला आहे, माणूस हुशार आहे. फक्त कोटिंग मागू नका, बाटली गळ्यात मारेल."

मेहुण्याला अचानक बाहेर फोन करायचं आठवलं. चष्मेवाल्यांनी पत्ता नीट विचारून घेतला आणि आभार मानले.

तिथून दोघं सरळ बँकेसमोरच्या आपल्या दुकानात आले. चष्मेवाल्यांनी शटर वर केलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत एका दमात म्हणून दाखवला. शेवटची ओळ तर त्यांनी जरा चालीत म्हटली.

"बघ. दर महिन्याला तपासतो मी. या शहरात ही ओळ वाचणारे दहा लोक नसतील."

"आता उलटं वाचा."

त्यांनी उलटंही वाचलं, अडखळले नाहीत. बाईंनी मान हलवली. पाठांतर ऐकलं की त्यांना ते कळायचं. ज्याला उत्तर येतं तो मधे एकदा तरी थांबतो. तेवीस वर्षं दिवसातून वीसदा हाच तक्ता गिऱ्हाइकांकडून म्हणवून घेतल्यावर तो चष्मेवाल्यांना झोपेतही आला असता. दुकानात डोळ्यांचा नंबर काढणारं यंत्रही होतं, पण यंत्रासमोर बसणं आणि यंत्र चालवणं ही दोन कामं एकट्या माणसाला जमत नाहीत, आणि दुसऱ्याला यंत्रावर बसवून आपला नंबर विचारणं हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

बाईंनी पर्समधून गाडीचं माहितीपत्रक काढलं, त्यांच्यापुढे हातभर अंतरावर धरलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. "हे वाचा."

"मोठं? 'आता बघा नव्या उजेडात'."

"त्याच्या खालची बारीक ओळ."

चष्मेवाले या वेळी मधे थांबले. मग म्हणाले, "अटी लागू."

"नाही," बाई म्हणाल्या. "'चित्रात दाखवलेले दिवे या मॉडेलमध्ये मिळत नाहीत.'"

चष्मेवाले खुर्चीतून उठले नाहीत. भिंतीवरच्या फ्रेमांमागच्या आरशांत ते तीस-चाळीस ठिकाणी बसलेले होते, आणि त्यांतला एकही त्यांना स्वच्छ दिसत नव्हता.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"बागेच्या आधीपासून. तुम्ही दुधाच्या गाडीला रुग्णवाहिका समजून वाट दिलीत, तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"दिवे पिवळे झालेत म्हणालात ना."

ते बराच वेळ पायाने जमीन दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, "फोन आला असता आणि मी निघालो असतो, तर."

"तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. म्हणून गेल्या महिन्यापासून सकाळी शाळेच्या मैदानावर संगीत शिकवणाऱ्या बाईंची गाडी चालवतेय. माझं लायसन्स कपाटात नाही, पर्समध्ये आहे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. आधी एक, महिन्याने दुसरा. मग त्यांनी एक रंगीत कागद पुढे सरकवला. "लेन्समध्ये आपल्याकडे तीन पॅकेजेस आहेत. साधी, प्रीमियम आणि प्रीमियम प्लस. चकाकी रोखणारं कोटिंग प्रीमियमपासून पुढे."

चष्मेवाल्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "कोटिंग सुटं मिळत नाही?"

"नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

बाईंनी साध्या लेन्सवर बोट ठेवलं. "ही बसवली की दिसेल ना?" डॉक्टरांनी दिसेल म्हणून मान्य केलं, पण तसं मान्य करताना त्यांना फार आनंद झाला नाही. बरोबर आलेला मेहुणा मात्र प्रसन्न होता. घरी येताना तो तीनदा म्हणाला, "म्हणजे भावोजी, कंपनीची फिटिंग गेली आणि शेवटी बाहेरूनच टाकून घेताय."

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते तेव्हा, बरोबर दिवेलागणीला, लेकीचा फोन आला. नवी गाडी अजून वहीतच होती. बाईंनी जुन्या गाडीची किल्ली उचलली, बॅग मागच्या सीटवर टाकली आणि चष्मेवाले पहिल्यांदाच न सांगता दुसऱ्या बाजूच्या दाराकडे गेले.

चौकातल्या बागेला बाईंनी नीट वळसा घातला. चष्मेवाल्यांनी पाय दाबला, पण हवा ओढली नाही. शहर मागे पडलं तसा अंधार दाटला. मग त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, मग परत पहिला.

"काय करताय?"

"जुन्या डोळ्याने बघितलं की सगळंच पिवळं आहे. रस्ता, झाडं, तू." त्यांनी हात बदलला. "नव्या डोळ्याने सगळं पांढरंस्वच्छ दिसतंय. फक्त दिवे पिवळे आहेत." ते ताठ बसले. "अगं, दिवे खरंच पिवळे आहेत. मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतात."

"मग मी बरोबर होतो."

"हो. ते घासून घेतले की पांढरे होतात, दिवेवाला म्हणाला होता. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही तेव्हा पत्ता लिहून घेत होतात."

फोन वाजला. चष्मेवाल्यांच्या हातून तो जवळजवळ पडलाच. लेक नव्हती, शोरूमचा विक्रेता होता. सरांसाठी खास बातमी होती, आता दिवे प्रीमियम पॅकेजशिवाय मिळणार होते, फक्त त्यांच्याबरोबर सनरूफ घ्यावं लागणार होतं.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. तू समोर बघ."

"मी समोरच बघतेय."

दोन तासांचा रस्ता त्यांनी पावणेदोन तासांत कापला. इस्पितळाच्या फाटकातून आत शिरताना बाईंनी वेग कमी केला आणि गाडी कुठे लावायची ते शोधू लागल्या. लांब भिंतीवर एक पाटी होती. पाटीवर वर मोठी अक्षरं, खाली लहान, त्याखाली आणखी लहान. चष्मेवाल्यांनी जुना डोळा झाकला आणि वाचायला लागले, चालीत नाही, एकेक शब्द थांबत थांबत.

"'प्रसूती विभाग... दुसरा मजला. वाहने... डावीकडे लावावीत. नातेवाइकांनी... फाटकात... उभे राहून... वाट अडवू नये.'"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आता उतरा. मी गाडी लावून येते."

ते उतरले आणि दुसऱ्या मजल्याकडे जवळजवळ धावत गेले. पहिल्या पायरीला ते अडखळले, पण ती पायरी खरंच तुटलेली होती.