शिवम्माचा रेचा आणि करडईचे तेल

मी एक जुना रेचा आहे. मित्रांनो, कापसातून सरकी वेगळी काढणारे यंत्र म्हणजे रेचा. माझा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतला गेला. मुंबईहून निघून बार्शीच्या छोट्या गाडीने मी लातूरला उतरलो, तेव्हा इथे निजामाचे राज्य होते, शुक्रवारी सुट्टी असे आणि गंजाच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागे. गुरुपादप्पांच्या जिनिंग कारखान्यात मला इतर रेच्यांच्या ओळीत उभे केले. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा. एंजिनाचा पट्टा नुसता कुरकुरला तरी मी दचके.

माझ्या पोटात कातडे मढवलेला एक रूळ फिरतो, त्याला लाट म्हणतात. ती खरखरीत असते, म्हणून कापसाचे तंतू धरून ओढते. सुरी सरकीला अडवते. मग रुई पुढे पडते आणि सरकी खाली. मला कापूस घालायचे काम शिवम्माकडे होते. गुरुपादप्पा पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत आणि एकही तंतू न उरलेली सरकी दाखवून म्हणत, "बघा, पार बोडकी!" शिवम्मा पदराआड हसे आणि मीही फुगून जाई.

पुढे महायुद्ध सुरू झाले. नवी यंत्रे येईनात, एंजिनाला लागणारे लाकूड महागले. गुरुपादप्पांनी माधवरावांना व्यवस्थापक नेमले. नासाडी थांबवायची, हा एकच त्यांचा ध्यास. जमिनीवर सांडलेले बोंडसुद्धा ते वाया जाऊ देत नसत. आणि नेमके त्याच हंगामात माझे काम बिघडले.

माधवरावांनी मूठभर सरकी उन्हात धरली. "अप्पा, या सरकीला दाढी आली आहे. आपली रुई सरकीबरोबर फुकटात तेलाच्या गिरणीत चालली. हा रेचा लाकूड जाळतो आणि मालही घालवतो. काढून टाकू."

"येळवस होईस्तोवर बघू," गुरुपादप्पा म्हणाले. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जेवायला जायचा सण.

शिवम्माने ते ऐकले. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन लेकी. रेचा गेला की तिचे कामही जाणार होते.

मित्रांनो, माझे दुखणे मला ठाऊक होते. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हा शिवम्माने मायेने माझ्या लाटेला करडईचे तेल चोळले होते. मग माधवराव येण्याआधी ती रोजच चोळू लागली. तेल प्यालेले कातडे गुळगुळीत होते, त्याला तंतू धरवत नाहीत. माझे काम बिघडले तशी ती घाबरली, आणि घाबरली तशी जास्तच तेल चोळू लागली. मला ओरडावेसे वाटे, पण लोखंडाला कुठली वाचा? पहाटे तिची पावले वाजली की माझा जीव कासावीस होई.

येळवस झाली. लोक शेतातली भज्जी आणि आंबील खाऊन कामावर परतले आणि ग्यानोबा मिस्त्री पान्हे घेऊन माझ्यासमोर बसला. भीतीने माझी खीळ न् खीळ सैल झाली.

"नारळ फोडल्याबिगर हात लावू नको," गुरुपादप्पांनी बजावले.

नारळ फुटला. शिवम्मा तेलाची बाटली घेऊन पुढे आली आणि डोळे पुसत लाट चोळू लागली.

"शिवम्मा, हे काय करायलीस?" गुरुपादप्पांनी विचारले.

"शेवटचं तेल लावायले, अप्पा. रोज लावते. लेकींच्या डोक्याचं आणते याला, पर यानं कवा ऐकलं न्हाई."

"रोज?" माधवराव पुढे झाले. त्यांनी लाटेवर बोट ठेवले, ते सर्रकन घसरले. "आणि मी आपला रेच्यालाच दोष देत बसलो! मिस्त्री, पान्हे ठेवा खाली."

शिवम्माच्या ध्यानात आले तशी ती बाटली बाजूला ठेवून लाटेपाशी बसली.

"म्हंजी म्याच याला मारत हुते? मग मला काढा, अप्पा. याला ठेवा."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी भीती आठवलीच नाही. वाटले, मोडा मला, वितळवा, पण या बाईला घालवू नका.

"तू गेलीस तर याला कापूस कोण घालील?" गुरुपादप्पा म्हणाले. "ऊठ. बंबाची राख आण चाळून."

तेल शोषून घ्यायला चाळलेल्या राखेने लाट घासली, ग्यानोबाने तिच्या कातड्यावरच्या खाचा पुन्हा कोरल्या. "आपल्या रेच्यानं भस्म लावलं बघा!" गुरुपादप्पा हसले. पट्टा चढला, मी थरथरत सुरू झालो. शिवम्माने खालची सरकी उचलली. ती बोडकी होती. तिने ती कपाळाला लावली आणि कापूस घालू लागली.

आता मी जिनिंगच्या मागच्या अंगणात गंजत उभा आहे. तुम्ही मला जरूर जपा. माझ्या फिरणाऱ्या दांड्यांना तेल हवे, लाटेला नको. शिवम्माची माया खोटी नव्हती; तिला हे कुणी सांगितलेच नव्हते, आणि भीतीपोटी तिनेही कुणाला विचारले नव्हते. म्हणून मित्रांनो, काही बिघडू लागले तर घाबरून गप्प बसू नका, विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी कारखान्याचा मालक झालाच, तर तिथल्या माणसांना विचारायची भीती वाटणार नाही, एवढे बघा.