आतून येणारा वास

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या रस्त्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत माणसांची रांग लागली होती. एकेक जण वरच्या खोलीत जायचा, खाटेवर पडलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडाजवळ वाकायचा, वास घ्यायचा आणि डोळे पुसत बाहेर यायचा.

"अहाहा! पिकलेल्या फळांची अख्खी बाग!"

"माझं तर डोकंच दुखायचं थांबलं."

"तुला डोकं आहे हे आजच कळलं," मागून कोणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

खाटेच्या उशाशी सुगंधबाबा बसले होते. हे गृहस्थ पूर्वी अत्तर विकत. धंदा बसला, तेव्हा स्वतः बसले, आसन घालून. "बाळांनो, हा वास बाजारात मिळत नाही," ते घोळवून सांगत होते. "हा आतून येतो! ही देवकन्या झाली आहे. तिचा श्वास पाहा कसा खोल चाललाय. समाधी लागते आहे! तिला औषध नको, अन्न नको. फक्त हे गोड तीर्थ." आणि ते चमच्याचमच्याने साखरेचं पाणी तिच्या तोंडात सोडत होते.

मी त्या मुलीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. आदल्या दिवशी ती शाळेत आली नाही, म्हणून चौकशी केली तेव्हा हा प्रकार कळला. मला चेवच आला. असले चमत्कार उघडे पाडण्याची मला हौस होती आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता.

वर गेल्यागेल्या मी बाबांची उजवी बाही ओढली. आतून अत्तरात बुडवलेला कापसाचा बोळा खाली पडला. लोक हसले. बाबा मात्र गडबडले नाहीत.

"तो मज पामराचा वास, सर. आता तिचा घ्या."

मी मुलीला चूळ भरायला लावली. तिच्या आईकडून तिचा सदरा बदलून घेतला, उशी काढली, चादर झटकली. खाटेखाली वाकून कुठे बाटली लपवली आहे का तेही पाहिलं. मग तिच्या तोंडाजवळ वाकलो. वास होताच. गोडसर, उग्र.

"काय सर, सापडली का बाटली?" इस्त्रीवाला ओरडला. "गादी उसवून पाहता का?"

हशा पिकला. मी पाय आपटत जिना उतरलो आणि संध्याकाळभर एकाच विचारात होतो: या माणसाने अत्तर लपवलं कुठे? मुलगी डोळे अर्धे मिटून पडली होती, ओठ कोरडे पडले होते, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं. मी चोर शोधायला गेलो होतो, मुलीला भेटायला नाही.

इथे दोन महिने मागे जायला हवं.

आमच्या वर्गाच्या दाराशी एक लाकडी पट्टी टांगलेली असे. ज्याला बाहेर जायचं त्याने ती हातात घेऊन जायचं आणि परत आणून टांगायची. एका वेळी एकानेच. हा नियम माझाच. ही मुलगी पूर्वी कधी पट्टीला हात लावत नसे. आता एका तासात तीनतीनदा उठायची. "सर, पाणी पिऊन येऊ?" आल्यावर लगेच, "सर, बाथरूमला जाऊ?"

एकदा मी वैतागून म्हणालो, "पोटात विहीर खणली आहेस का गं?" वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून तिचं नाव 'विहीर' पडलं. मी ते थांबवलं नाही. उलट एकदा तिने चौथ्यांदा हात वर केला तेव्हा पट्टी काढून माझ्या कपाटात ठेवली. ती मान खाली घालून, पाय एकमेकांवर दाबून बसून राहिली. नंतर तिने शाळेत पाणी पिणंच सोडून दिलं.

फळ्यावरचं दिसत नाही म्हणून तिने पुढचा बाक मागितला. मी म्हणालो, "नाटकं पुरेत." तिचा स्कर्ट कमरेला सेफ्टी पिनने आवळलेला होता, दर आठवड्याला थोडा आणखी. डबा सगळ्यांच्या आधी संपायचा, तरी मुलगी वाळत होती. हे सगळं मला दिसत होतं. आणि त्याच वर्गात मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'विज्ञानाची पहिली पायरी, निरीक्षण'.

जिना उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मी चिडूनच विचारलं, "तुमच्यापैकी कोणी तो वास घेऊन आलं का? कसला होता?"

"फुलांचा, सर!" "फळांचा!"

पार्लरवालीची मुलगी उठली. "सर, आमच्या आईकडे नखांचा रंग पुसायची बाटली असते ना, तसा होता."

मी खडू खाली ठेवला. त्या बाटलीत असतं ॲसिटोन. आणि ॲसिटोन माणसाच्या श्वासात कधी येतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पाणी, बाथरूम, सेफ्टी पिन, पुढचा बाक, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

पार्लरमधून बाटली घेतली आणि धावत सुटलो. रांग कालच्यापेक्षा लांब होती. मुलीला आता हाक ऐकू येत नव्हती. श्वास भात्यासारखा चालला होता.

तिची आई शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर काम करायची. मी तिला म्हणालो, "ताई, हिला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

ती दारात आडवी उभी राहिली. "तुम्ही तिला विहीर म्हणालात, सर. घरी येऊन रडायची पोर. बाबा तिला देवकन्या म्हणतात. मी कोणाचं ऐकू?"

रांगेतल्या माना माझ्याकडे वळल्या.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी तिला हसलो आणि तिचा आजार मला दिसला नाही. माझं ऐकू नका. तुमच्या नाकाचं ऐका." मी बाटली उघडून तिच्यापुढे धरली.

तिने हुंगलं. मग वाकून मुलीचा श्वास घेतला. पुन्हा बाटली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"दैवी सुगंधाची नक्कल!" बाबा ओरडले. "समाधी मोडू नका!"

"बाबा, बाजूला व्हा," ती म्हणाली आणि तिने लेकीला उचललं. तेव्हा कळलं, मुलगी किती हलकी झाली होती. ज्या रांगेने वास घेतला होता, तीच भिंतीला चिकटली आणि वाट करून दिली. इस्त्रीवाल्याने आपल्या टेम्पोतले कपडे रस्त्यावर ओतले. "बसा लवकर!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासलं. यंत्रावर आकडाच उमटला नाही. साखर त्याच्या मोजमापाच्या पलीकडे गेली होती. "मधुमेह," त्या म्हणाल्या. "मुलांनाही होतो. अजून काही तास गेले असते तर हाती लागली नसती. किती दिवस जास्त पाणी पीत होती?"

आईला सांगता येईना. बिचारी दोन-दोन पाळ्या करायची.

"दोन महिने," मी म्हणालो. "एका तासात तीन वेळा."

"मोजत होतात?"

"हो. रागाने."

त्यांनी तेवढं कागदावर लिहिलं आणि त्या सलाइन लावायला वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी दोन दिवसांनी शुद्धीवर आली. बाहेर बाकावर तिच्या आईने मला विचारलं, "गोड खाल्लं म्हणून झालं का हो? माझंच काही चुकलं?"

"नाही, ताई. ही चूक कोणाचीच नाही. असं समजा, शर्टाला ढीगभर बटणं आहेत, पण काजं पाडणारं मशीन बंद पडलंय. बटणं लागणार कशी? अन्नातली साखर रक्तात येते, पण शरीरातल्या पेशींच्या आत शिरायला तिला इन्शुलिन लागतं. तेच बनेनासं झालं. मग साखर लघवीवाटे बाहेर पडते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळतं, म्हणून वजन घटतं, आणि त्या जळण्यातून तो वास येतो. त्यात बाबांनी साखरेचं पाणी पाजलं."

तिने विचारलं, "मशीन दुरुस्त होईल?"

"नाही. काजं आता रोज हाताने पाडायची. इन्शुलिनच्या सुईने."

"सुई मला येते," ती म्हणाली.

मुलीला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी सुगंधबाबा खोली सोडून गेले. लोकांनी त्यांना शिव्या दिल्या, मला शाबासकी. ती मी घेऊ कशी? एका बाबतीत तो भामटा खरं बोलला होता: वास आतूनच येत होता. त्याने दोन दिवस फसवलं. मी दोन महिने पाहूनही पाहिलं नाही.

महिन्याभराने ती वर्गात परत आली, पुढच्या बाकावर. पार्लरवालीची मुलगी तिच्या शेजारी. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. मग तिने हात वर केला.

"सर, पाणी पिऊन येऊ?"

"विचारायचं नाही," मी म्हणालो. "उठायचं आणि जायचं."

दाराशी जाऊन सवयीने तिचा हात खिळ्याकडे गेला. पट्टी नव्हती. ती मी घरी नेली होती. आज निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती माझ्या टेबलावर आहे.

मुलांनो, सारखी तहान लागणं, पुन्हा पुन्हा लघवीला जावं लागणं, भरपूर खाऊनही वाळणं, गळून जाणं, अंधुक दिसणं, जखम लवकर न भरणं, यातलं काही कोणात दिसलं तर हसू नका आणि हात जोडू नका. डॉक्टरांकडे न्या. थेंबभर रक्ताने उत्तर मिळतं. आणि कोणी मोठा माणूस तुम्हाला 'नाटकं पुरेत' म्हणाला, तर त्याला पुन्हा सांगा. तो मास्तर असला तरी.