सुकवण्याची तीस मिनिटे

प्रश्न १. गेल्या चार आठवड्यांत जिना उतरताना किती त्रास झाला?

"उतरताच येत नाही, त्यावर खूण कर," वाफमावशी म्हणाली.

"मी नाही करायची. तुमच्या हातानं करा, मावशी." व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने पेन पुढे केले. "दुसऱ्यानं भरलेला फॉर्म चालत नाही."

"आण इकडे, मी वाचून दाखवतो," बाकावर शेजारी बसलेला नवरा म्हणाला. "तुझा चष्मा घरी राहिलाय."

"डोक्यावर आहे."

"मग डोक्यानं वाच."

मुलगी हसली आणि पुढच्या रुग्णाकडे गेली. फॉर्म चार पानांचा होता. गुडघा बदलून वर्ष झाले की या इस्पितळात प्रत्येकाला तो भरायला देत. वाफमावशीला वर्षभरात दोन गुडघे बसले होते, दोन्ही उजव्याच पायात. पहिला सहा आठवडे टिकला. त्याच्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

प्रश्न ३. तुमचे काम कोणत्या प्रकारचे आहे? बसून, उभ्याने की चालून?

उभ्याने. एकोणतीस वर्षे, याच इस्पितळाच्या तळघरात. वर शस्त्रक्रिया होत आणि खाली त्यांची हत्यारे धुतली जात, कापडात गुंडाळून पुडा बांधला जाई आणि तो लोखंडी दाराच्या यंत्रात वाफेवर ठेवला जाई. एक फेरी सव्वा तासाची. आधी वाफ, मग शेवटची तीस मिनिटे सुकवण्याची. वरच्या लोकांना ही तीस मिनिटे कायम खुपत. जंतू वाफेने मेले ना, मग थांबायचे कशाला? वाफमावशी प्रत्येक नव्या माणसाला तेच सांगे. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. ओला पुडा म्हणजे उघडा पुडा.

एकदा तिने हाडांच्या सरांना हातमोजे घालून चाळीस मिनिटे ताटकळत ठेवले होते. सर आधी भडकले, मग हसले. "वर माझं राज्य, खाली मावशीचं," असे ते पुढे सगळ्यांना सांगू लागले. स्वतःचा गुडघा झिजला तेव्हा तिने दुसऱ्या डॉक्टरचे नावसुद्धा काढले नाही. "थांबणारा माणूस आहे," ती नवऱ्याला म्हणाली होती.

प्रश्न ४. शस्त्रक्रियेनंतर काही गुंतागुंत झाली का? असल्यास कारणासह एका ओळीत लिहा.

अकराव्या दिवशी अंघोळ केली आणि पट्टी जराशी ओली झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ताप चढला आणि जखमेतून पाणी येऊ लागले आणि सरांनी विचारले मावशी पाणी लागू दिलंत का आणि तिने खरे ते सांगितले आणि सर म्हणाले तुम्ही तरी असं करायला नको होतं आणि नवऱ्याने तेच नणंदेला फोनवर सांगितले आणि नणंदेने साऱ्या गोतावळ्याला आणि गुडघा उघडून धुतला आणि परत उघडून धुतला आणि शेवटी काढूनच टाकला आणि त्याच्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा गोळा बसवला आणि साडेतीन महिने ती ओंडक्यासारखा पाय घेऊन पडून राहिली आणि मग दुसरा गुडघा बसवला, तो वीस अंशांच्या पुढे वाकत नाही, आणि या सगळ्यात तळघरातली तिच्या हाताखालची भिंगरी घरी यायला एकही रविवार चुकली नाही.

एवढे त्या ओळीत मावण्यासारखे नव्हते. तिने लिहिले, "अंघोळ."

नवऱ्याने वाकून पाहिले आणि मान हलवली. "तेच म्हणतो मी. दोन दिवस धीर धरला असतास तर काही बिघडत नव्हतं."

"तुम्ही नका म्हणू. तुम्ही म्हणून झालंय."

ज्या बाईने एकोणतीस वर्षे दुसऱ्यांना स्वच्छता शिकवली, तिनेच घरी अस्वच्छता केली, हे वर्षभर तिच्या कपाळावर चिकटले होते. पायाचे एक वेळ चालले असते. पाय काय, कुणाचाही जातो.

प्रश्न ५. शस्त्रक्रियेची तारीख.

चौदा की पंधरा, तिला आठवेना. नवऱ्यालाही आठवेना, तरी त्याने ठामपणे सोळा सांगितली.

"मी खाली जाऊन बघून येते. आमच्या वहीत असेल."

"अगं, डॉक्टरांकडे आपला नंबर लागेल."

"लागला तर थांबवा त्यांना. तासतासभर बोलता की फोनवर."

जिन्याऐवजी ती स्ट्रेचरच्या उतारावरून गेली, फॉर्म काखेत धरून, काठी टेकत, उजवा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवत. तळघर तसेच होते. ओल्या कापडाचा आणि तापल्या लोखंडाचा वास, गुरगुरणारे यंत्र. भिंगरी धुण्याच्या हौदाशी उभी होती. नऊ वर्षांपूर्वी नोकरीला आली तेव्हा ती एका जागी टिकत नसे, म्हणून वाफमावशीनेच तिला हे नाव ठेवले होते. हाताखालची म्हणून आली आणि लेकीसारखी झाली.

"अगं बाई, मावशी! एक फोन तरी करायचा. मी वर आले असते ना घ्यायला." तिने स्टूल ओढले, पायाखाली रिकामी टोपली उलटी घातली. "बसा. चहा आणते. यंत्राकडे बघू नका, मी सगळं तुमच्यासारखंच ठेवलंय."

ती चहाला गेली. वाफमावशीने हात लांबवून फळीवरची गेल्या वर्षीची वही काढली. पंधरा तारीख. बरोबर होते. वही मिटून ठेवणार तोच सवयीने नजर खाली गेली.

फेरी पहिली. गुडघ्याचा मोठा सेट.
आत: सहा पन्नास.
बाहेर: सात पस्तीस.
पट्टी: काळी.
तपासून पाठवणार:

पट्टी काळी म्हणजे वाफ पुरेशी मिळाली. ते ठीक. तिने बोटांवर मोजले. सहा पन्नास आणि सव्वा तास, आठ पाच. पुन्हा मोजले. तीस मिनिटे कुठेच नव्हती.

आणि शेवटच्या रकान्यात सही तिची होती.

सात पस्तीसला ती दुसऱ्या मजल्यावर टेबलावर होती. कमरेत सुई टोचून झाली होती आणि भूल देणारी बाई विचारत होती, मावशी, बोटं हलवून बघा, हलतात का?

सही चांगली साधली होती. फक्त शेवटचा फाटा वर वळला होता. वाफमावशी तो खाली सोडत असे. पुडा वर पाठवायला मोठ्या माणसाचीच सही लागे, आणि गर्दीच्या सकाळी हात ओले असत, तेव्हा तीच ओरडायची, "भिंगरे, घाल माझं नाव!" एका दुपारी पुठ्ठ्याच्या पाठीवर तिने स्वतः भिंगरीकडून ती सही वीस वेळा गिरवून घेतली होती. दोघी पोट धरून हसल्या होत्या. पण तेव्हा प्रत्येक पुडा तिने आधी हाताने तपासलेला असे. सही तेवढी दुसरीची.

भिंगरी चहा घेऊन आली. वही उघडी दिसली तशी ती कप ठेवायला जागा शोधू लागली. जागा समोरच होती.

"त्या दिवशी सकाळी मी इथं होते का गं?" वाफमावशीने विचारले.

"मावशी..."

"नाही, सही दिसली म्हणून विचारते. मला वाटत होतं मी टेबलावर होते."

"गुडघ्याच्या कंपनीची हत्यारांची पेटी आदल्या दिवशी यायची, ती पहाटे आली. मी एकटी. धुऊन, बांधून, लावेपर्यंत सात वाजत आले. वरून फोनवर फोन. तुमची केस पहिली. तुम्ही उपाशी, तुम्हाला उपाशीपोटी चक्कर येते..."

"आली असती. तोंडावर पाणी मारलं असतं कुणीतरी."

"तुमच्यासाठीच केलं हो."

"पुडा ओला होता?"

भिंगरीने कप खाली ठेवला.

"तळहात खालून लावायचा, शिकवलंय मी. लावला होतास?"

"लावला होता."

"मग?"

"खालच्या कोपऱ्यात. थोडासाच. मी सरांना सांगितलं, मावशी, आईची शपथ. म्हटलं, ओलसर आहे, अर्धा तास द्या. ते म्हणाले, चालेल, पाठव."

प्रश्न ९. डॉक्टरांनी संभाव्य धोके तुम्हाला समजावून सांगितले होते का?

हो. प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन पाऊण तास. रक्ताची गाठ होऊ शकते, पाय ताठर राहू शकतो, शंभरात एखाद्याला जंतूसंसर्ग होतो, सगळे नीट करूनही होतो. हे तिला आधीपासून माहीत होते. त्या ओल्या कोपऱ्यातून कदाचित काहीच आत गेले नसेल. कदाचित खरोखर अंघोळच असेल. आता ते कुणालाच कळणार नव्हते. पण संशय दोन होते आणि वर्षभर तिच्या पदरात एकच घातला गेला, तोही तिच्याच अंगावरचा. दुसरा सरांनी ठेवून घेतला. तिला थांबणारा माणूस हवा होता. तो तिच्याच वेळी थांबला नव्हता, आणि नंतर तिच्या डोळ्यांत बघून विचारत होता, पाणी लागू दिलंत का?

"सरांचं सोड," ती म्हणाली. "ते वरचे. तू दर रविवारी यायचीस. माझे केस धुतलेस. माझी पट्टी उलगडताना नाकाला कधी हात लावला नाहीस. आणि हे म्हणाले, अंघोळीची घाई नडली, तेव्हा तू माझ्या पायाशी बसली होतीस. काय म्हणालीस?"

भिंगरी हौदाचा नळ घट्ट करू लागली.

"बोल की."

"म्हटलं, काका म्हणतात ते बरोबर असेल."

वाफमावशीने फॉर्म तिच्यापुढे धरला. "चौथा प्रश्न. मी काय लिहिलंय? मोठ्यानं."

"अंघोळ."

यंत्र गुरगुरत होते.

"परकी असतीस तर बोंब मारली असती मी. आता कुणाच्या नावानं मारू? आपलेच दात, आपलेच ओठ." तिने वही भिंगरीकडे वळवली. "माझी सही खोड. तुझी घाल. आजच्या तारखेनं."

"नोकरी जाईल, मावशी."

"माझं नाव गेलं त्याचं काय?"

"सर म्हणतील, मला कोण काही बोललंच नव्हतं. फोनवरचं कुठं लिहिलेलं असतं? मी एकटीच मरेन. तुम्हाला माहितीये माझ्या घरचं." ती रडत होती, आणि खोटे बोलत नव्हती. घरचे वाफमावशीला खरेच माहीत होते. भिंगरीने हात पाठीमागे घेतले. नऊ वर्षांत ते हात वाफमावशीने असे रिकामे कधी पाहिले नव्हते.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग पेन स्वतःच उचलले. चुकीची नोंद गिरगटून टाकायची नसते, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. तिने आपल्या सहीवर एकच सरळ रेघ मारली. शेजारी आजची तारीख घातली. तारखेपुढे लिहिले, "मी नव्हते." बाहेर पडण्याची वेळ तिने तशीच ठेवली. रकाना तसाच ठेवला, ज्याचा त्याने भरावा म्हणून.

यंत्राचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला. वाफ संपली होती, सुकवणे सुरू झाले होते. मिनिटभरात भिंतीवरचा फोन वाजला. भिंगरीने डोळे पुसत उचलला.

"हो, सर. गुडघ्याचाच. झालीये वाफ... नाही, अजून आतच..." ती ऐकत राहिली. मग फोन छातीशी धरून वाफमावशीकडे वळली. "पेशंट टेबलावर घेतलाय म्हणतात. पाठव म्हणतात."

"कोण आहे पेशंट?"

"माहीत नाही. कुणीतरी आजी आहेत."

वाफमावशी उठली. काठीने ढकलत तिने स्टूल यंत्राच्या दाराच्या एका कडेला नेले, टोपली दुसऱ्या कडेला. बसली. दोन्ही हातांनी मांडी उचलून तिने उजवी टाच टोपलीवर ठेवली. न वाकणारा पाय या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत दारावर आडवा पडला, अडसर घालावा तसा.

"सांग त्यांना, दार उघडत नाही."

भिंगरीने फोन कानाला लावला. "सर, दार उघडत नाहीये." मग, विचारलेल्या कशाला तरी उत्तर म्हणून, हळू आवाजात म्हणाली, "वाफमावशी आल्यात."

पलीकडून फोन ठेवला गेला.

दाराचे लोखंड चांगलेच तापले होते. वाफमावशीने हाताशी असलेले एक धुतलेले कापड उचलले, चौपदरी घडी केली, पोटरी आणि दार यांच्यामध्ये सरकवली आणि पाय तसाच ठेवला.